राणीछापावरचा अंगठा

माझे घरमालक जगातली प्रत्येक वस्तू कडेला धरत. विजेचं बिल असो, औषधाची पट्टी असो, सत्यनारायणाच्या प्रसादाचा पेढा असो. दोन बोटांच्या चिमटीत कड पकडायची आणि खिडकीकडे तिरकं करून बघायचं. चपातीसुद्धा. मोबाइलही तसाच धरायचे, म्हणून तो दिवसाआड पडायचा आणि मी दिवसाआड ओरडायचे, "काका, फोन आहे तो, राणीछाप रुपया नाही!" त्यावर शांतपणे म्हणायचे, "सवय गं. कुणाच्या तोंडावर बोट लावायचं नसतं."

भटवाडीतली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हाची गोष्ट. आई-बाबा भावाकडे मालाडला गेले. मी मुलुंडला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, सकाळी सहाला हजर व्हावं लागतं. मालाडहून सहाला मुलुंड म्हणजे झोपायचंच नाही. मग मुलुंड पूर्वेला, अगदी खाडीच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर काकांच्या घरातली मागची खोली मिळाली. एकटा म्हातारा, तोंडाने सभ्य, खोलीला खिडकी. मला अजून काय हवं होतं? पहिल्या दिवशी त्यांनी मलाही तसंच तिरकं बघितलं. वय विचारलं. अडतीस म्हटलं. लग्न? "नाही, आणि परत विचारायचं नाही," मी म्हटलं. मी तशी फटकळ. आई म्हणते, "गो बाय, तुझ्या जिभेक हाड नाय."

काकांनी मान डोलावली. म्हणाले, "टांकसाळीतून थेट आल्यासारखी आहेस. कड अजून टोचते."

मी आतून पेटले. सामान परत बांधायचं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. मागाहून कळलं, ही त्यांची सगळ्यात मोठी स्तुती होती. माणसांनाही ते नाण्यासारखेच पारखत. दुसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड मास्तरांबद्दल म्हणायचे, "चेहरा झिजलाय, आवाज खणखणीत." सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दल एकच शब्द, "ओतीव." ओतीव म्हणजे साच्यात ओतून केलेला, नकली.

आयुष्यभर त्यांनी झवेरी बाजारामागच्या एका गल्लीत चांदी गाळायच्या भट्टीवर काम केलं होतं. लोक राणीचा चेहरा असलेले जुने चांदीचे रुपये गोणीने आणून द्यायचे. काकांनी त्यातला एकेक बघून ठरवायचं, हा मुशीत जाईल आणि हा वाचेल. मूस म्हणजे चांदी वितळवायचं ते मातीचं भांडं. झिजलेला, डाग दिलेला, दागिन्याची कडी लावलेला रुपया मुशीत. चेहरा शाबूत असलेला बाजूला, नाण्यांच्या शौकिनांसाठी. एकदा भात जेवताना, मधेच, वरणाची वाटी कडेला धरून ते म्हणाले, "मुशीत पडताना रुपया आवाज करतो. एकदाच. पहिल्यांदा ऐकला तेव्हा दोन दिवस अन्न गेलं नाही. मग सवय झाली."

"मग बरं झालं की," मी म्हटलं.

"सवय झाली तेच वाईट," ते म्हणाले, आणि वरण भातावर ओतलं.

रिटायर झाल्यावरही दर रविवारी दुपारी लोक नाणी घेऊन त्यांच्याकडे यायचे. कुणाच्या आजीच्या पेटीत सापडलेला, कुणाच्या देवघरातला. काका पैसे घेत नसत. "पारखीचे पैसे घेतले की जीभ वळते," म्हणायचे. खिडकीपाशी एक कडाप्पा होता, त्यावर जुन्या धोतराचा मऊ तुकडा. रुपया बोटाच्या टोकावर तोलायचा, लाकडी काडीने हलकेच कडेला टोला द्यायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. खरा रुपया बराच वेळ वाजत राहतो. माझ्या कानातून आवाज गेला तरी काका मान कलती करून बसलेले असायचे. आपल्याला न ऐकू येणारं काहीतरी हा माणूस ऐकतोय हे बघून मला सुरुवातीला कसंतरीच व्हायचं. मग मी आत जाऊन मिक्सर लावायचे.

त्यांचे डोळे मात्र गेले होते. एकात मोतीबिंदू, दुसऱ्याचा पडदा साखरेने खाल्लेला. उजेड कळायचा, आकार कळायचा, बारीक काही दिसायचं नाही. म्हणून रविवारी मला शेजारी बसवायचे.

"चेहरा बघू नकोस, चेहरा सगळेच बघतात. कान बघ. कानावरून केसांची बट जाते, ती सुटी दिसते का?"

"नाही. सगळं सपाट झालंय. कान कुठाय तेच कळत नाही."

समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा पडायचा. काका खूश. "ही गोड बोलत नाही," ते लोकांना सांगायचे, "म्हणून हिचे डोळे वापरतो."

सगळ्यात जास्त चिडायचे ते घासलेल्या रुपयावर. आपली माणसं, काही विकायला न्यायचं म्हटलं की आधी लख्ख करणार. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, हाताला येईल ते. असा चकचकीत रुपया आला की काका तो हातातसुद्धा घ्यायचे नाहीत. "याला आंघोळ कुणी घातली?" विचारायचे. माणूस अभिमानाने म्हणायचा, "मीच, सकाळीच." काका म्हणायचे, "मेलेल्याला घालतात आंघोळ." आणि किंमत सांगायचे ती फक्त चांदीची.

दिवेलागणीला आणखी एक प्रकार. त्यांच्या स्वतःकडे वाचवलेले चाळीस-एक राणीछाप होते, लाकडी पेटीत, कापसावर मांडलेले. ऊन उतरलं की ते चाचपडत येऊन एकेक पालथा करायचे. राणी खाली, अक्षरं वर. सकाळी परत उताणे. मी विचारलं, हे काय नवीन? तर म्हणाले, "त्या बघत बसतात." हसून नाही म्हणाले. औषधाची वेळ सांगावी तसं म्हणाले.

"कोणाकडे बघतात?"

"मी भट्टीवर होतो ना," ते म्हणाले. "ज्यांना नाही वाचवलं त्यांच्या बहिणी आहेत या."

त्या दिवसापासून संध्याकाळी त्या खोलीतून जाताना मी पेटीकडे बघायचे नाही. आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

वाकोल्याची एक बाई एकदा आली होती. साठीची असेल, साधी सुती साडी, बरोबर कॉलेजातली नात. रुमालात गुंडाळलेला रुपया, त्याला वरच्या बाजूला भोक. भोक म्हणजे शौकिनांच्या दृष्टीने संपलाच तो. पण काकांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. वाजवला. भोकामुळे नीट वाजत नव्हता, भुंग्यासारखा गुरगुरला नुसता. मग मला म्हणाले, "दोन्ही बाजू सांग."

मी बघितलं. राणीची बाजू तशी चांगली होती, बट दिसत होती. मागची बाजू मात्र मधोमध गुळगुळीत, पण फार नाही. अक्षरं वाचता येत होती.

"काळ्या दोऱ्यात ओवून मुलाच्या गळ्यात घातलेला," काका म्हणाले. "दृष्ट लागू नये म्हणून. मागची बाजू छातीवर घासते, तान्हं मूल हलतं फार. आयुष्यभर घातला असता तर मागे काही उरलं नसतं. हा तीन वर्षं घातलाय. फार तर साडेतीन. मग थांबलं."

नात म्हणाली, "म्हणजे काय? काढून ठेवला असेल."

"काढून ठेवलेला पुढच्या मुलाच्या गळ्यात जातो," काका म्हणाले. "हा परत कुणाला घातला नाही."

बाईने रुपया रुमालात परत बांधला. म्हणाली, "माझ्या आधी एक भाऊ होता म्हणतात. मी नाही बघितला. आई कधी बोलायची नाही त्याच्याविषयी. मला वाटायचं अशीच अफवा असेल." मग उठली, दारापर्यंत गेली, परत आली. "त्याचं नाव कळतं का हो यातून?"

"नाही," काका म्हणाले. "एवढंच कळतं."

ती गेल्यावर मी त्यांना झापलं. म्हातारीला असं तोंडावर सांगायचं? काका म्हणाले, "तिने किंमत विचारली, मी सांगितली." मी आत जाऊन मिक्सर लावला.

आता मुद्द्याचं. देवघरात गणपतीच्या मागे एक पितळी डबी होती. पूजा करताना काका ती उघडून ठेवायचे आणि पूजा झाली की बंद करायचे. एकदा मी डोकावले. आत राणीछाप. काळसर, आणि राणीच्या गालावर अख्खा अंगठा उमटलेला, काळाकुट्ट, रेघ न् रेघ मोजता यावी असा. नाण्यावर बोटाचा ठसा म्हणजे काकांच्या लेखी गुन्हा. ज्यांच्या रुपयावर ठसा असायचा त्यांची ते चांगली हजेरी घ्यायचे. आणि यांच्याच देवात हा! मी म्हटलं, "काका, हा कुणी खराब केला?" त्यांनी डबी बंद केली. "तो पारखीचा नाही," एवढंच म्हणाले. मीही जास्त खोदलं नाही. खोदलं असतं तर पुढचं टळलं असतं.

त्या वर्षी ऐन दिवाळीत काका तापाने पडले. डेंग्यू नव्हता, मीच रक्त तपासून आणलं, पण ताप उतरेना. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ते झोपले होते आणि देवघर तसंच, धुळीत. माझ्या जिवाला लागलं. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला देवातला रुपया चिंचेने लख्ख केल्याशिवाय आई ताटात ठेवत नाही. काळा रुपया लक्ष्मीपुढे ठेवायचा म्हणजे अपशकुन. मी समई घासली, ताम्हण घासलं, घंटा घासली. मग डबी उघडली. विकायचा रुपया घासायचा नाही हे मला पाठ होतं. पण हा काय विकायचा होता? हा देवाचा. देवाच्या रुपयाला नाण्याचे नियम कशाला लागतील, असं मला अगदी मनापासून वाटलं. चिंचेचा कोळ, थोडं मीठ, आणि अंगठ्याने हलके हलके. पाच मिनिटांत राणी अशी उजळली की मीच खूश झाले.

संध्याकाळी काका उठून भिंतीला धरत आले. समईचा उजेड ताटात पडला होता आणि ताटातून काहीतरी चमकत होतं. तेवढं त्यांना कळलं. कडेला धरून रुपया उचलला, डोळ्यांशी नेला. मग हात खाली घेतला.

मला वाटलं आता ओरडतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते खाली बसले, अगदी हळू, आणि विचारलं, "रांगोळी लावलीस घासायला?"

"नाही. चिंच आणि मीठ."

"कपडा?"

"नाही हो, हातानेच. काय झालं?"

"मग थोडी आशा आहे," ते म्हणाले.

आणि मग सांगितलं. तो रुपया भट्टीवर वाचवलेला पहिला. कोरा, कुणाचा हात न लागलेला. लग्नानंतर दर पाडव्याला काकू ओवाळायच्या आणि काका तबकात तोच रुपया टाकायचे. (बायकोला दरवर्षी तोच रुपया! दुसरी वेळ असती तर मी तोंड सुटेपर्यंत बोलले असते.) काकूंनी तो कडेला धरून उचलायचा आणि देवात ठेवायचा. कितीतरी वर्षं असं चाललं. एका पाडव्याला काकूंच्या हाताला तेल होतं, काकांनाच लावलेलं. घाईत उचलला आणि अंगठा बरोब्बर राणीच्या गालावर.

"मी किती ओरडलो म्हणून सांगू," काका म्हणाले. "शेजारी दार उघडून बाहेर आले. बोट लावलंस, किंमत घालवलीस. ती म्हणाली, बरं, आता नाही लावणार. पंधरा दिवसांनी तिच्या डोक्यात रक्त उतरलं आणि दोन दिवसांत गेली. ठसा तेव्हा दिसतही नव्हता. पुढे वर्षभराने हळूहळू काळा होत वर आला. भिंतीवरच्या फोटोत ती कुणाच्या तरी लग्नात नुसती उभी आहे. इथे तिचा हात आहे."

मी उठले. आतल्या खोलीत जाऊन रडले. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे हात तोडून टाकावेसे वाटले. माफी मागितली तर म्हणाले, "तेलाचं बोट चांदीत मुरतं. वरचं काळं गेलं तरी खालची चांदी खाल्लेली असते. हवा लागली की परत येईल. आली तर येईल." 'आला' की 'आली', ठसा की बाई, हे त्यांच्या बोलण्यात तेव्हापासून एक झालं होतं.

खाडीची हवा चांदीला काळं करते. ओहोटीला चिखल उघडा पडला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून आम्ही खाडीकडची खिडकी वर्षानुवर्षं बंद ठेवायचो. काकांनी ती सताड उघडली आणि रुपया कापसावर ठेवून खिडकीत मांडला. घरभर वास. मी एक शब्द काढला नाही. कामावरून आले की चपला काढायच्या आधी खिडकीशी जायचं. "आली?" "नाही काका." संक्रांतीला रुपया पिवळसर झाला. मग तपकिरी, सगळीकडून सारखाच. मी मनात नवस बोलले, तोही आईच्या देवीला, जिला मी कधी नमस्कार करत नाही.

त्या दिवसांत घर विचित्र झालं होतं. माघात दुपारच्या वेळी उटण्याचा वास यायचा. शेजारून येतो म्हणावं तर माघात कोण उटणं लावतंय! एकदा मी पोळ्या लाटत होते, काका खुर्चीत घोरत होते, आणि खिडकीतून रुपया वाजल्याचा आवाज आला. एकदाच, बराच वेळ टिकलेला. मी जाऊन बघितलं तर रुपया कापसावर होता तसाच. उंदीर असेल म्हटलं. आमच्याकडे उंदीर नव्हते. घोरणं थांबवून काका म्हणाले, "मीही ऐकलं." आणि परत झोपले.

शिमग्याच्या आधी आठवडाभर, एका रविवारी सकाळी, राणीच्या गालावर काहीतरी दिसलं. आधी सावली. दुसऱ्या दिवशी कड. तिसऱ्या दिवशी रेघा. पाण्याच्या तळातून कुणीतरी वर यावं तसं ते येत होतं आणि मला एकच भीती होती. घासताना माझाही अंगठा तिथेच फिरला होता. चिंचेच्या, घामाच्या हाताने. हा ठसा माझा निघाला तर?

चौथ्या दिवशी मी भिंग घेऊन बसले. शंख होता. आपण हात बघताना म्हणतो ना, कुणाच्या बोटाला चक्र, कुणाच्या बोटाला शंख. रेघा गोल फिरल्या तर चक्र, एका बाजूला वळून उघड्या राहिल्या तर शंख. मी दिवसभर लोकांची बोटं धरणारी बाई, मला हे चांगलं कळतं. मी माझा अंगठा बघितला. शंख.

काका समोर खुर्चीत. दाढी केलेली, स्वच्छ सदरा. त्यांना माझ्या श्वासावरूनच कळलं होतं. "आली ना?" ते म्हणाले. "नीट बघ. चक्र आहे ना गं? मधोमध चक्र?"

तो चेहरा बघवत नव्हता हो. लहान मुलासारखा पुढे आलेला. म्हणजे काकूंना चक्र होतं. म्हणजे माझ्याच अंगठ्याने त्यांचा पुसला आणि त्यावर बसला. हे मी या माणसाला सांगू? आयुष्यभर तोंडावर बोलत आले, एकदा तरी कुणासाठी गोड बोलावं.

"हो काका," मी म्हटलं. "चक्र आहे. स्पष्ट."

काका मागे टेकले. मग स्वतःचा उजवा अंगठा वर करून माझ्यासमोर धरला.

"चक्र माझं आहे," ते म्हणाले. "दोन्ही हातांना. तिला शंख होता."

मी भिंग खाली ठेवलं.

"गिऱ्हाइकाला मी खरी खूण आधी कधी सांगत नाही. उलटी विचारतो. होला हो मिळालं की समजायचं, माणूस खोटा." मग हसले, पण ते हसणं नव्हतं. "पण तू खोटं बोलायची नाहीस. म्हणजे माझंच बोट. रोज पूजेला उचलत होतो, डोळे गेल्यापासून कधीतरी लागलं असणार. जगाला सांगत फिरलो बोट लावू नका, आणि तिच्यावर माझंच बसलं."

"नाही काका! शंख आहे! आईशप्पथ शंख आहे, मी खोटं बोलले, मला वाटलं माझा आहे, मला शंख आहे म्हणून..." मी काय काय बडबडले. त्यांचे हात धरले. "खालच्या मास्तरांना बोलावते, त्यांना दाखवते."

"नको," काका म्हणाले. "पहिला शब्द खरा. दुसरा दयेचा असतो."

मी त्यांच्याशी भांडले. रोज भांडले. मास्तरांना खरंच वर आणलं. त्यांनी भिंगातून बघून "शंख" म्हटलं. काका म्हणाले, "हिने शिकवून आणलंय तुम्हाला." मी खोटं बोलू शकत नाही हा त्यांचा विश्वास इतका पक्का होता, की माझं एकुलतं एक खोटंच तेवढं त्यांनी खरं धरलं. वाट लागली नुसती. आयुष्यात एकदा गोड बोलायला गेले आणि एका म्हाताऱ्याची बायको त्याच्या हातून दुसऱ्यांदा गेली. हे मी कुणाला सांगत नाही. आज सांगतेय.

त्यानंतर रविवार बंद झाले. लोक यायचे, मी दारातूनच परत पाठवायचे. संध्याकाळी पेटीतल्या राण्या पालथ्या करणंही त्यांनी सोडलं. "बघू देत," म्हणाले. तो रुपया खिडकीतच राहिला, त्याच्याकडे परत कुणी बघितलं नाही. मलाही धीर नव्हता. वैशाखात एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर काका खुर्चीतच गेले होते. हात मांडीवर, दोन बोटं चिमटीसारखी.

मी फोन केले. बोरिवलीहून काकूंची धाकटी बहीण आली. काकांशी तिची बोलचाल काकू गेल्यापासून बंद होती, त्या पाडव्याच्या ओरडण्यावरून. तिने आल्या आल्या पदर तोंडाला लावला आणि कोपऱ्यात बसली. पुरुषांनी तिरडी बांधली. मग मास्तर म्हणाले, कपाळाला बंदा रुपया लागेल. ही आपल्यातली जुनी रीत, जाणाऱ्याच्या कपाळावर रुपया लावायचा. सेक्रेटरीने खिशातून साधा, हल्लीचा रुपया काढला.

"थांबा," मी म्हटलं. खिडकीशी गेले. आणखी दोन महिने खाडीची हवा खाऊन तो रुपया जवळजवळ काळा झाला होता आणि ठसा त्याहून काळा. दोन बोटांत कड धरून मी तो उन्हात तिरका केला. शंख होता तसाच होता, पण आता त्याच्यावरून एक बारीक रेघ गेलेली दिसत होती. तिरपी, या कडेपासून त्या कडेपर्यंत, कापल्यासारखी. माझ्या अंगठ्याला असलं काही नाही. मी परत परत बघितलं. नाहीच.

बहीण माझ्या मागे येऊन उभी होती, कळलंच नाही. तिने माझ्या खांद्यावरून बघितलं आणि पदर खाली आला.

"अगो, ह्यो ताईचो आंगठो," ती म्हणाली. "विळयेर कापलो होतो. कैरी चिरताना. मीच धक्को दिल्लंय."

मी रडले नाही. मला राग आला होता, सगळ्यांचा, सगळ्यात जास्त त्या निजवलेल्या माणसाचा. मी काकांपाशी बसले. मास्तरांनी ओलं गंध दिलं. रुपया कसा लावायचा ते सगळ्यांना माहीत असतं, चेहरा वर, लोकांना दिसेल असा. मी उलटा केला. राणी खाली, अंगठा खाली, त्यांच्या कपाळाला टेकवून, आणि दाबून धरला. सेक्रेटरी म्हणाला, "उलटा लागलाय." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा."

मग वाकून काकांच्या कानाशी म्हटलं, "शंख आहे. विळीचा वण आहे. बहिणीने ओळखला." खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. बघू देत.

आमचा जिना अरुंद. तिसऱ्या मजल्यावरून तिरडी उतरवताना प्रत्येक वळणावर जवळजवळ उभी करावी लागते. असं झालं की रुपया हमखास घसरतो, म्हणून कुणीतरी खाली हात धरून चालतं. त्या दिवशी मास्तर हात पुढे करून उलट पावली जिना उतरत होते, पडला तर झेलायला. पहिल्या वळणावर तिरडी उभी झाली, मान एका बाजूला कलली. गंध तर केव्हाच सुकून पोपडे पडायला लागले होते. दुसऱ्या वळणावर कुणाचा तरी पाय सरकला आणि सगळेच हेलकावले. मी कठड्याला धरून वरून बघत होते. तळमजल्यावर पोचल्यावर मास्तरांनी माझ्याकडे वर बघितलं आणि हात खाली घेतला. रुपया हललासुद्धा नव्हता.